दोघींना एकाच कुंडीत लावलं तेव्हा

दुष्काळ सोसणारं झाड सापडलं हे जगाला पटवायला आमच्या वनस्पतिशास्त्रात एक फोटो पुरतो. एकच ट्रे, अर्ध्या कुंड्या पार सुकून चिपाड झालेल्या, अर्ध्या हिरव्यागार, खाली ‘वाइल्ड टाइप’, म्हणजे मूळ रोप, आणि ‘म्यूटंट’, म्हणजे एखादा जीन बिघडलेलं रोप. कृती सोपी, पाणी तोडायचं, दोनेक आठवडे थांबायचं, पुन्हा पाणी घालायचं आणि जगलेली रोपं मोजायची. शेजारच्या जेनेटिक्स लॅबमधल्या ज्युनिअरकडे असाच फोटो होता आणि फोटो झकासच होता, म्हणजे तिच्या गाईडनी तो आधीच दोन प्रेझेंटेशन्समध्ये वापरून टाकला होता.

तिचं जेनेटिक्सचं काम चोख. अरॅबिडोप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या छोट्या रोपाची कोलंबिया लाइन, टी-डीएनए हा डीएनएचा परका तुकडा मध्येच घुसल्यामुळे एक जीन बंद पडलेला. म्यूटंटचा मूळ रोपाशी पुन्हा संकर (बॅकक्रॉस) केलेला, दुसऱ्या पिढीत एकाच जीनचा दोष असला की येतं ते तीनास एक प्रमाण नीट आलेलं, त्याच जीनचा दुसरा म्यूटंट पण तसाच वागतो, आणि मूळ जीन परत घातला की सगळं पूर्ववत. एवढं करूनही लोक पेपरात कसले कसले दावे करतात ते बघता ही पोरगी फारच सरळ निघाली. जीन दोषी आहे यात शंकाच नव्हती. फक्त कशाबद्दल दोषी, हे कुणी विचारलं नव्हतं.

ती माझ्याकडे आली ती एका आकड्यासाठी. तिच्या लॅबमधून केव्हाच निघून गेलेल्या एका सीनिअरने म्यूटंटची पर्णरंध्रं, म्हणजे पानाची पाणी सोडणारी बारीक छिद्रं, कमी उघडतात असा आलेख करून ठेवला होता, कमिटी मीटिंग जवळ आली होती आणि गाईड म्हणाले की आणखी थोडी पानं मोजून घे. “ताई, फक्त मशीन लावून द्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे.” आम्हा फिजिऑलॉजीवाल्यांबद्दल, म्हणजे झाडाचं शरीर कसं चालतं ते मोजणाऱ्यांबद्दल, बाहेर हाच समज आहे, की आम्ही मशीन लावून देणारी माणसं.

तर त्या मशीनबद्दल. पान एका छोट्या चेंबरमध्ये चिमटीत धरायचं, आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प इन्फ्रारेडने मोजायचं, फरकावरून पान किती पाणी सोडतंय ते काढायचं. पान चिमटीत धरलं की ते बिचकतं, आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो, आणि घाईत असलेला माणूस तो वेळ देत नाही. पण खरी मेख वेगळीच आहे. मशीनला पान दिसत नाही. पानाचं क्षेत्रफळ तुम्ही सांगायचं, नाही सांगितलं तर ते गृहीत धरतं की पूर्ण चेंबर भरलंय, म्हणजे सहा चौरस सेंटिमीटर. गव्हाची दोन-चार पाती शेजारी शेजारी ठेवली की चेंबर भरतो. अरॅबिडोप्सिसचं पान त्यात एका कोपऱ्यात पडून राहतं, आणि त्याने सोडलेलं सगळं पाणी मशीन इमानदारीत सहाने भागतं.

जुन्या फाइल्स उघडल्या. क्षेत्रफळाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सहा, सहा, सहा. वाइल्ड टाइपलाही सहा आणि तिच्या त्या बारक्या म्यूटंटलाही सहा. म्हणजे जितकं पान लहान तितकी पर्णरंध्रं ‘बंद’. आम्ही दोघींनी ताजी पानं मोजली, प्रत्येक पानाचा चेंबरच्या आतला भाग फोटो काढून इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये मोजला, खरं क्षेत्रफळ टाकलं, आणि आलेखातला फरक गायब. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली, मग म्हणाली, “पण फोटो तर खरा आहे ना?”

खरा होता. तिथेच मला हे प्रकरण चावलं.

कमिटीला तिने तो आलेख न दाखवताच निभावून नेलं, आणि नंतर आम्ही कुंड्यांचं वजन करायला बसलो. हे काम कुणालाही आवडत नाही, म्हणूनच बहुतेक लोक ते करत नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे. माती ओव्हनमध्ये कोरडी करायची, प्रत्येक कुंडीत सारख्या वजनाची भरायची, पूर्ण भिजवून निथळू द्यायची, आणि मातीचं तोंड फिल्मने झाकायचं म्हणजे पाणी उडालंच तर ते फक्त पानातून उडेल. रोपाचं स्वतःचं वजन इतकं किरकोळ असतं की कुंडीचं वजन कमी झालं म्हणजे पाणीच गेलं असं धरायला हरकत नाही. मग रोज ठरलेल्या वेळी प्रत्येक कुंडी तराजूवर. रोपं वाढवायच्या चेंबरमधल्या पंख्यासमोरच्या कुंड्या लवकर सुकतात म्हणून रोज ट्रे फिरवायचे, आणि फिरवताना क्रम आपल्या मनाने नाही तर चिठ्ठ्यांनी ठरवायचा. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर हे शंभर वर्षांपूर्वी सांगून गेला, तरी आजही सगळे वाइल्ड टाइप डावीकडे आणि सगळे म्यूटंट उजवीकडे ठेवलेले ट्रे मी बघते आणि गप्प बसते. बरं, नेहमी गप्प नाही बसत.

वाइल्ड टाइपने मान टाकली तेव्हा त्याच्या मातीत पाणी जवळपास उरलंच नव्हतं. त्याच दिवशी म्यूटंटच्या कुंडीत भरपूर पाणी होतं, कारण रोपच लहान, ते पाणी कमी पितं. म्हणजे आपण ज्याला दुष्काळ म्हणत होतो तो म्यूटंटपर्यंत पोचलाच नव्हता. चौघांची टाकी एकट्या माणसाला दिली तर ती जास्त दिवस पुरणारच, त्यात त्या माणसाची सहनशक्ती कुठून आली?

मग ठरलं, दोघींना एकाच कुंडीत लावायचं. एक वाइल्ड टाइप, एक म्यूटंट, माती एकच, म्हणजे पाणीही एकच. मुळं गुंततात, कोणतं कुणाचं कळत नाही, पण मातीचा कोरडेपणा दोघींना सारखा मिळतो आणि आम्हाला तेवढंच हवं होतं. पाणी तोडलं. पुढे एका सकाळी रोपांचा चेंबर उघडला तर ज्या कुंडीत वाइल्ड टाइपची पानं लुळी पडलेली, तिथे शेजारी म्यूटंटची पण. पुढची कुंडी, तेच. तिने एकेक कुंडी उचलून बघितली, लेबलं उलटसुलट तपासली, मग पानाचे तुकडे घेऊन पीसीआर, म्हणजे डीएनएची तपासणी, पण लावून आली की लेबल बदललंय का. नव्हतं बदललं. संध्याकाळपर्यंत तपासणीतले डीएनएचे पट्टे (बँड) स्पष्ट दिसले, प्रत्येक म्यूटंट म्यूटंटच होता आणि प्रत्येक जण शेजारणीबरोबरच सुकला होता.

मला वाटलं विषय संपला. तेवढ्यात आमच्या इकॉलॉजीवाल्या मित्राने कॅन्टीनमध्ये सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मग यात खोटं काय आहे? कमी पाणी वापरून जगणं हीसुद्धा जगायचीच पद्धत आहे की. तुमच्यासाठी आकार म्हणजे गोंधळ घालणारा घटक, आमच्यासाठी तोच निवडला जाणारा गुण.” वर उदाहरण फेकलं, कॅलिफोर्नियातल्या मोहरीच्या जातीचं, ब्रॅसिका रापा. दुष्काळाच्या आधी 1997 मध्ये आणि दुष्काळानंतर 2004 मध्ये गोळा केलेलं बी एकत्र वाढवून बघितलं तर नंतरच्या बियांची रोपं लवकर फुलत होती, आणि हे काम 2007 मध्ये छापून आलं. म्हणजे त्या मोहरीने दुष्काळ सोसण्यापेक्षा, तो गाठायच्या आत बी धरून मोकळं व्हायचा मार्ग धरला, आणि तो मार्ग मोजक्या पिढ्यांत पक्का पण झाला. तिला कुणी म्हणतं का की तू फसवलंस?

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते अर्धंच. एकटीच्या कुंडीत वाचवलेलं पाणी आपल्याच नावावर राहतं. शेजार असला की आपण वाचवलेलं पाणी शेजारीण पिते आणि मग दोघी एकत्र मरतात, आमच्या कुंडीत झालं ते हेच. म्हणजे हा गुण उपयोगी की नाही हे जीनवर नाही, शेजारी कोण आहे त्यावर ठरतं. तो म्हणाला, “मग शेजारी पण म्यूटंट लावून बघा.” लावलं. त्या कुंड्या जास्त टिकल्या. त्यामुळे त्याचंही खरं आणि माझंही खरं, आणि ज्युनिअरच्या गाईडना यातलं काहीच नको आहे, त्यांना तो पहिला फोटो हवा आहे कारण रिव्ह्यूअर तोच मागतात. रिव्ह्यूअर पण काय करणार म्हणा, त्यांनीही त्यावरच डिग्र्या मिळवल्यात.

आता उरलाय तो खरा प्रश्न. आकार सोडून या जीनचं आणखी काही काम आहे का? त्यासाठी दोन्ही रोपं सारख्या आकाराची हवीत. वाइल्ड टाइप उशिरा पेरला तर आकार जुळतो पण वय जुळत नाही, आणि कोवळ्या रोपाचं पाण्याचं गणित वेगळं असतं. पानं कापून लहान केला तर जखमेचा परिणाम वेगळा. रोज वजन करून प्रत्येक कुंडीत गेलं तेवढंच पाणी भरत राहिलं तर माती सारखी ओली राहते, पण मग तो हळूहळू वाढत जाणारा दुष्काळ उरत नाही. मी तिला शेवटचाच मार्ग सुचवलाय, ती उशिरा पेरायच्या बाजूने आहे, म्हणते वय तरी आकड्यात मांडता येतं. बी थंडीत ठेवलंय, पेरायच्या दिवसापर्यंत भांडायला वेळ आहे.