कुळथाचं पीठ, नोइंडेक्स आणि बाकीची एसईओची भाषा

सासूबाईंनी सुरू केलेला कोकणमेव्याचा घरगुती धंदा आता मी सांभाळते. कोकम, आगळ, कुळथाचं पीठ, आंबापोळी, फणसपोळी, सांडगी मिरची. ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सअ‍ॅपवर यायच्या, त्याही ओळखीतल्या. सिंधुदुर्गाबाहेरची अनोळखी गिऱ्हाइकं मिळावीत म्हणून वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या एका तयार साधनावर, साइट करून घेतली. दिसायला ती छान झाली, पण गूगलवर आमच्या धंद्याचं नाव जसंच्या तसं टाकलं तरी येईना.

त्याच सुमाराला एसईओवाल्यांचे, म्हणजे गूगलच्या निकालात साइट वर आणून देतो म्हणणाऱ्यांचे, फोन सुरू झाले. “मॅडम, पहिल्या पानावर आणून देतो, गॅरंटी.” एकाने तर आमच्या साइटचा डीए फारच खाली आहे असं काळजीच्या सुरात सांगितलं आणि लगेच बॅकलिंकचं, म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या दुव्यांचं, पॅकेज पुढे केलं. डीए म्हणजे काय, ते मी फोन ठेवल्यावर शोधलं. डोमेन ऑथॉरिटी हा मॉझ नावाच्या कंपनीने स्वतःच्या हिशेबाने काढलेला १ ते १०० मधला आकडा आहे. गूगल तो वापरत नाही. आणि पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतःच्या मार्गदर्शक पानांवर स्पष्ट लिहून ठेवलंय. तेव्हा पैसे देण्याआधी हे शब्द आपणच समजून घ्यावेत असं ठरवलं.

शब्दांचं जंगल मोठं आहे, पण तीन शब्द क्रमाने लावले की वाट सापडते. क्रॉल म्हणजे गूगलचा बॉट, आपोआप फिरणारा प्रोग्राम, पानावर येऊन ते वाचतो. इंडेक्स म्हणजे वाचलेलं पान गूगल आपल्या साठ्यात ठेवतं. रँक म्हणजे कोणी काही शोधलं की त्या साठ्यातलं कोणतं पान वर दाखवायचं ते. फोनवरचे सगळे जण फक्त तिसऱ्याबद्दल बोलत होते. आमचं घोडं दुसऱ्यातच अडलेलं होतं.

हे कळलं सर्च कन्सोलमुळे. गूगलचं हे साधन फुकट आहे, २०१५ पर्यंत त्याचं नाव वेबमास्टर टूल्स होतं. साइट आपलीच आहे हे आधी सिद्ध करावं लागतं. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, जिथून घेतलं तिथल्या डीएनएस सेटिंगमध्ये गूगलने दिलेली एक ओळ टीएक्सटी रेकॉर्ड म्हणून टाकायची, बस्स. ऐकायला अवघड वाटतं, पण गॅसची केवायसी याहून जास्त डोकं खाते. मग साइटमॅप द्यायचा, म्हणजे आपल्या पानांच्या पत्त्यांची यादी. एका फाइलीत ५०,००० पत्त्यांपर्यंत चालतात, आमची पानं इतकी कमी की त्याची फिकीरच नव्हती. वर्डप्रेस ५.५ पासून, म्हणजे २०२० पासून, ही यादी आपोआप तयार होते. पण मी दिलेला साइटमॅप गूगलला मिळेचना. स्वतः उघडून पाहिला तर ४०४, म्हणजे असं पानच नाही.

धागा तिथेच हाती लागला. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ भागात एक छोटा चौकोन असतो: सर्च इंजिनांनी ही साइट इंडेक्स करू नये. साइट अर्धवट असताना बनवणारे तिथे टिचकी मारून ठेवतात, आणि ते योग्यच आहे. आमच्या बनवणाऱ्याने साइट ताब्यात देताना ती काढली नव्हती. ती टिचकी असली की वर्डप्रेस स्वतःचा साइटमॅपही बंद ठेवतं, आणि प्रत्येक पानाच्या कोडमध्ये नोइंडेक्स ही सूचना जाते. गूगल येत होतं, वाचत होतं आणि आमच्याच सांगण्यावरून आम्हाला वगळत होतं!

इथे एक गुंता आहे, तो नीट समजून घ्यावा असा. रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची वेगळी फाइल असते. १९९४ पासूनची ही पद्धत, बॉटने कुठे फिरकू नये ते सांगणारी. लोकांना वाटतं ती आणि नोइंडेक्स एकच. तसं नाही. फाटकावर ‘आत येऊ नये’ अशी पाटी लावली, तर आतल्या दारावरची ‘आमचं नाव यादीत घालू नका’ ही चिठ्ठी कोण वाचणार? रोबोट्सने अडवलेल्या पानातला नोइंडेक्स गूगलला दिसतच नाही. दुसरीकडून त्या पानाचा दुवा मिळाला तर त्याचा नुसता पत्ता निकालात येऊ शकतो. पान खरोखर काढायचं असेल तर फाटक उघडंच ठेवावं लागतं.

टिचकी काढली, साइटमॅप पुन्हा दिला, सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमधून मुख्य पानांसाठी इंडेक्सिंगची विनंती केली. हळूहळू पानं येऊ लागली, पण सगळी नाहीत. काहींपुढे ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ असा शेरा होता. म्हणजे वाचलं, पण तूर्त ठेवलं नाही. कारण गूगल सांगत नाही, आपण ताडायचं. ती पानं शेजारी शेजारी उघडून पाहिली तेव्हा लक्षात आलं की त्यांत मजकूरच नव्हता. आमची जुनी पत्रकं सावंतवाडीच्या डीटीपीवाल्याने जुन्या, युनिकोडच्या (सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरं लिहायच्या आताच्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये केलेली. त्यातून मजकूर कॉपी केला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा येतो. म्हणून पत्रकांची चित्रंच पानावर डकवली होती. माणसाला सगळं वाचता यायचं: साहित्य, वजन, टिकण्याचा काळ. गूगलपुढे मात्र एक जेपीजी आणि किंमत. मराठी धंद्यांच्या कितीतरी साइट मी त्यानंतर पाहिल्या, निम्मा मजकूर असाच चित्रांत अडकलेला. एसईओचं पॅकेज विकणाऱ्यांपैकी एकानेही मला याबद्दल विचारलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

सगळं युनिकोडमध्ये नव्याने टाइप केलं. चित्रं ठेवली, पण प्रत्येकाला ऑल्ट टेक्स्ट दिलं, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारी ओळ. ती दृष्टिहीनांच्या स्क्रीन रीडरलाही उपयोगी पडते. फोनवरून काढलेले अवजड फोटो लहान केले. पानातला सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा असं गूगलचं माप आहे, त्याला एलसीपी म्हणतात. आमच्याकडच्या रेंजमध्ये ते माप पाळणं म्हणजे आधी फोटोंचंच वजन उतरवणं.

मग कीवर्ड, म्हणजे लोक शोधताना टाइप करतात ते शब्द. हा भाग मला सगळ्यात आवडला. सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स अहवालात लोकांनी खरोखर काय टाइप केलं ते दिसतं, १६ महिन्यांपर्यंतचं. इम्प्रेशन म्हणजे निकालात आपण किती वेळा दिसलो, क्लिक म्हणजे किती जण आत आले, सीटीआर म्हणजे त्यांचं प्रमाण. आम्ही लिहिलेलं ‘कुळथाचं पीठ’. देशावरची माणसं शोधतात ‘हुलग्याचं पीठ’. आम्ही म्हणतो सोलं, ते म्हणतात आमसूल. गोव्याचं गिऱ्हाईक भिरंड म्हणतं. शिवाय अर्धे लोक मराठीच, पण रोमन लिपीत टाइप करतात. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, “अगं, पण हुलगे म्हणजे कुळीथच ना? एवढं त्यांना कळत नाही?” गूगलला कळेलही, पण मी भरवशावर राहिले नाही. पानाच्या टायटलमध्ये ‘कुळीथ (हुलगे) पीठ’ असं घातलं आणि मजकुरात दोन्ही शब्द सहज येतील असं लिहिलं. एकच शब्द दहादा कोंबणं, त्याला कीवर्ड स्टफिंग म्हणतात, त्याने उलट नुकसान होतं.

मेटा कीवर्ड्सचा, म्हणजे पानाच्या कोडमध्ये कीवर्ड लिहायचा, रकाना रिकामाच सोडला. वेब सर्चच्या क्रमवारीत तो वापरत नसल्याचं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. मेटा डिस्क्रिप्शनने, म्हणजे तिथेच लिहायच्या पानाच्या वर्णनानेही क्रम वाढत नाही, पण निकालात टायटलखाली कधीकधी त्यातलीच ओळ दिसते, म्हणून ती मन लावून लिहिली.

देवनागरी पत्ते, म्हणजे स्लग, गूगलला चालतात. पण व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा पाठवला की एकेका अक्षरामागे टक्क्याची खूण आणि आकडे मिळून नऊ चिन्हांची शेपटी होते. गिऱ्हाइकांना तो दुवा फसवणुकीचा वाटायचा. पत्ते छोटे रोमन केले आणि जुन्यांवरून नव्यांकडे ३०१ लावला, म्हणजे ‘कायमचं स्थलांतर’. कॅनॉनिकल हा शब्दही इथेच भेटला. फेसबुकवरून आलेल्या दुव्याला मागे काहीबाही चिकटतं, पान एकच असून पत्ते अनेक होतात, त्यांतला खरा कोणता ते कॅनॉनिकल सांगतं. वर्डप्रेस ते बहुतेक ठिकाणी स्वतःच करतं, मला काही करावं लागलं नाही.

राहिले बॅकलिंक. त्यांना महत्त्व आहेच, गूगलचा मूळ पेजरँक, म्हणजे पानांचं महत्त्व मोजायची पद्धत, त्यावरच उभा राहिला. पण क्रम वाढवण्यासाठी विकत घेतलेले दुवे हे गूगलच्या नियमांत स्पॅम ठरतात. जाहिरातीचा दुवा असेल तर त्याला स्पॉन्सर्ड किंवा नोफॉलो अशी खूण करावी लागते. आम्हाला मिळालेला एकमेव चांगला दुवा एका ओळखीच्या होमस्टेवाल्याने दिला, तोही त्यांच्याकडचं सोलकढीचं आगळ आमचं असतं म्हणून.

आता नावाने शोधलं की आम्ही येतो, हुलग्याच्या पिठालाही अधूनमधून दिसतो. फणसपोळीचं पान अजून इंडेक्सबाहेर आहे. त्यात दोन ओळी आहेत, आणि तशा दोन ओळी इतर शंभर ठिकाणी असतील. म्हणून सासूबाईंकडून सगळं विचारून घेतेय: बरकाच फणस का लागतो, रस किती जाड पसरायचा, पावसाचं ढग आलं तर ताटं कुठे हलवायची. त्या सांगतात भराभर, आणि मला टाइप करायला वेळ लागतो.