कोठाराचे दुसरे दार

गोव्यातल्या अंत्रूज महालातील, म्हणजे फोंडा भागातील, एका जुन्या वाड्याचे खाजगी संग्रहालय झाल्यानंतर, वाड्यासमोरच्या भाताच्या कोठारात पर्यटकांसाठी स्वागतकक्ष करायचे मालकांनी ठरवले आणि ते काम आमच्याकडे आले. तिकिटांची जागा, शेतीच्या अवजारांचे छोटे दालन आणि गावाची माहिती सांगणारे फलक, एवढीच त्यांची अपेक्षा होती. अडचण अशी की कोठार मुळात माणसांसाठी बांधलेले नसते. जाड भिंती, छपराच्या वळचणीखाली चार बोटे रुंदीचे झरोके, जमिनीपासून उचललेली लाकडी पाटणी आणि वाकून शिरावे लागेल असे एकच दार, हे सारे भात कोरडे राहावे आणि उंदरांच्या व चोरांच्या हाती लागू नये यासाठी केलेले. स्वागतकक्षाला नेमके याच्या उलट हवे असते.

सर्वांत मोठा पेच दुसऱ्या दाराचा होता. आत माणसे जमणार म्हणजे संकटकाळी बाहेर पडायला आणखी एक वाट हवी, हे अग्निसुरक्षेचे म्हणणे रास्तच होते. त्यासाठी पश्चिमेच्या भिंतीत मधोमध नवे दार पाडावे, असा प्रस्ताव अभियंत्यांनी मांडला होता आणि मालकांनाही तो सोपा वाटत होता. मला तो पसंत नव्हता. वास्तुजतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे सांगणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत जुन्या वास्तूचा समाजोपयोगी वापर इष्ट मानला आहे, पण त्या वापरापायी वास्तूची मांडणी बदलू नये, असेही त्याच कलमात म्हटले आहे. शिवाय मातीच्या गिलाव्यात रचलेल्या जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत मध्येच कापली, तर वरच्या तुळयांचा भार कुठे सरकेल याचा भरवसा देता येत नाही.

तोडकाम सुरू होण्याआधी त्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा उतरवून पाहू, एवढे मी मान्य करून घेतले. हा गिलावा मूळचा नव्हता. गोवा मुक्त झाल्यावर १९६४ मध्ये कूळ कायदा आला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने जमिनी कुळांच्या झाल्या. त्यानंतर खंडाचे भात येणे थांबले आणि कोठार रिकामे पडले. पुढे तिथे खतांची पोती ठेवली जात. खतातले क्षार चिऱ्यांत मुरले, भिंतींना लोणा लागला, आणि तो झाकण्यासाठी कुणीतरी आतून-बाहेरून सिमेंट थापले. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. पावसाळ्यात ओढलेले पाणी त्याला पुढे बाहेर टाकावे लागते आणि चुन्याचा गिलावा ते टाकू देतो. सिमेंट ती वाट बंद करते, मग ओलावा आतच कोंडतो आणि क्षारांचे स्फटिक गिलाव्यामागे चिऱ्याचा भुगा करत राहतात.

त्या सकाळी आमच्या वृद्ध मेस्तांनी बारीक छिन्नीने दक्षिणेच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. सिमेंटची खपली निघाली की तिच्यासोबत खालचा चुनाही सुटून येत होता, त्यामुळे काम मुंगीच्या पावलांनी चालले होते. कोपऱ्यापासून थोडे पुढे गेल्यावर ते थांबले, चिऱ्यांवर तळहात फिरवत राहिले आणि म्हणाले, "बाय, हांगा दार आशिल्लें." म्हणजे, बाई, इथे दार होते.

चांगल्या बांधकामात एका थराचा उभा सांधा वरच्या थरात कधी येत नाही. प्रत्येक थर खालचा सांधा मोडून पुढे जातो. इथे मात्र एक सांधा पायापासून थेट छातीच्या उंचीपर्यंत सरळ चढला होता. त्याला समांतर दुसरा सांधा थोड्याच अंतरावर सापडला आणि दोघांच्या डोक्यावर, चुन्यामागे दडलेला, लाकडी पाटा. मधले चिरेही वेगळे होते. जुन्या चिऱ्यांवर हाताने तासल्याच्या आडव्यातिडव्या खुणा होत्या, तर भरावाच्या चिऱ्यांवर यंत्राच्या पात्याच्या सरळ, एकसारख्या रेषा. म्हणजे दार बुजवले गेले ते यंत्राने कापलेला चिरा बाजारात आल्यानंतर, बहुधा खतांच्या काळातच.

तरीही मला आणखी एक पुरावा हवा होता. दुपारी आतल्या बाजूने तोच भाग उघडला, तेव्हा सांध्याच्या उजवीकडे चुन्यावर गेरूने ओढलेल्या उभ्या रेषांचे गट दिसले. भात आत येताना मापे मोजणारा माणूस दाराशी उभा राहतो. कोऱ्या भिंतीपाशी उभे राहून मोजण्याचे कुणाला काहीच कारण नसते. बाहेर त्याच रेषेत मळणीचे खळे होते, हे मालकांच्या काकूंनी लगेच सांगितले. खळ्यातून भात या दाराने आत येई आणि पुढच्या दाराने वाड्याकडे जाई. इतके दिवस आम्ही जिला कोठाराची मागची बाजू समजत होतो, ती खरे तर त्याची कामाची बाजू होती.

मालकांना त्या रेषांवर काच बसवायची होती. काचेमागे ओलावा साचून चुना फुगेल, हे समजावल्यावर हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर कठडा घालण्यावर तडजोड झाली. चिरे उघडे ठेवण्याचा त्यांचा आग्रह मोडायला मात्र बराच वेळ गेला. गोव्यातल्या नव्या उपाहारगृहांनी उघड्या जांभ्याची हौस इतकी पसरवली आहे की जुने म्हणजे तांबडे आणि खडबडीत, अशी समजूतच झाली आहे. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात आपल्या पूर्वजांनी भिंती चुन्याने झाकल्या त्या दागिन्यासारख्या मिरवायला नव्हेत. अखेर क्षार ओढून घेण्यासाठी भिंतीवर ओल्या कागदाच्या लगद्याचे लेप द्यायचे आणि त्यानंतरच चुन्याचा गिलावा करायचा, असे ठरले. बाकीचे निर्णय फारसे अडले नाहीत: शौचालये बाहेर वेगळ्या शेडमध्ये, विजेच्या तारा भिंत न कोरता वरून, आणि तिकिटांचे टेबल कुठेही न जोडता मोकळे.

अग्निसुरक्षेच्या अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन मोजमाप केले. दार अरुंद होते आणि ते रुंद करायला मी तयार नव्हते. त्यांनी एका वेळी आत सोडायच्या माणसांची संख्या कमी करण्याची आणि झडपा बाहेरच्या बाजूला उघडण्याची अट घातली. ती मालकांनी कुरकुरत स्वीकारली, कारण पर्यटकांच्या बसगाड्या एकदमच येतात. चाकाच्या खुर्चीसाठी पुढच्या दाराशी एकास बारा उताराची लाकडी घसरण करायची, तीही पुढे काढता येईल अशी. यंत्राने कापलेले चिरे एकेक करून सोडवले गेले, आणि पाटा ठोकून पाहिल्यावर त्याला वाळवी लागलेली नाही असे मेस्तांनी सांगितले, तेव्हा तोच जागेवर ठेवून नव्या झडपांसाठी फणसाचे लाकूड सांगण्यात आले.