चादर फाटत नाही, मग गिऱ्हाईक परत येणार कसं?

"आपली चादर टिकते, हाच आपला तोटा," असं आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, गल्ल्यावर बसून वर्षानुवर्षं म्हणत आलेत. मी लग्न होऊन आले तेव्हा मला तो विनोद वाटला होता. ऑनलाइन विक्री माझ्या गळ्यात पडल्यावर कळलं, की हा माणूस धंद्याची सगळ्यात अवघड अडचण एका वाक्यात सांगत होता. चिवडा संपतो, साबण संपतो. सोलापुरी चादर एकदा घरात गेली की मुलगा शाळेतून कॉलेजात जाईपर्यंत तीच पांघरतो. असल्या मालाचं गिऱ्हाईक वेबसाइटवर दुसऱ्यांदा कशाला फिरकेल?

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, खाली दुकान, आणि माग अक्कलकोट रोड एमआयडीसीत. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, हिशोबाच्या वहीत दोन्हींची खिचडी. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये दुकानाचं शटर महिनोन् महिने खाली राहिलं, तेव्हा ओळखीच्या एका मुलाकडून वेबसाइट करून घेतली. त्यानं फोटो टाकले, किमती टाकल्या आणि मजकूर म्हणून 'दर्जा हीच आमची ओळख' वगैरे लिहून दिलं. अगदी हेच वाक्य आमच्या रस्त्यावरच्या टायरवाल्याच्या पाटीवर आहे. तरी ऑर्डरी आल्या, कारण सोलापूरचं नाव आमच्या जन्माच्या आधीपासून चाललंय. महाराष्ट्रात जीआय, म्हणजे त्या-त्या गावच्या मालाची सरकारी ओळख, मिळालेल्या अगदी सुरुवातीच्या वस्तूंत आपली चादर आणि आपला टेरी टॉवेल आहे. लोक ते नाव शोधत येतात, एक जोड घेतात आणि जातात.

परत बोलवायचं म्हणून मी आधी सगळे करतात तेच केलं. दिवाळीला दहा टक्के सूट, संक्रांतीला एकावर एक नॅपकीन. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं बसतात, म्हणून दोन याद्या केल्या आणि मेसेज धाडले. ज्यांनी आमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांच्यापर्यंत ब्रॉडकास्ट पोचतच नाही, हे मला फार उशिरा कळलं. आणि चादर विकणाऱ्याचा नंबर कोण सेव्ह करून ठेवतो?

मग नाशिकहून एका बाईंचा फोन आला. आवाज चढलेला. "ताई, तुमच्या टॉवेलचा दोरा निघालाय. ओढला तर निघतच चाललाय." मी फोन मामांकडे दिला. मामा शांतपणे म्हणाले, "ओढू नका की ओ. कात्री घ्या, जिथं वर आलाय तिथं काप द्या, झालं." बाईंना पटेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. टॉवेलला दोन ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे दोन संच असतात. एक घट्ट, त्यावर कापड उभं राहतं. दुसरा सैल, त्याचेच ते लूप होतात. लुपाला गाठ नसते, म्हणून एक ओढला की त्याच धाग्यावरचे शेजारचेही सुटत येतात. कापला तर बाकीचे आडव्या धाग्यानं धरलेले असतात, ते जागचे हलत नाहीत. बाई म्हणाल्या, "हे आधी कुठं लिहून का ठेवत नाही?"

ते मला लागलं. आमच्या वेबसाइटवरचा शब्द न् शब्द ज्यानं अजून काही घेतलेलं नाही त्याच्यासाठी होता. घेऊन गेलेल्या माणसासाठी एक ओळ नव्हती.

त्या रात्री मी मामांचं बोलणं आठवून लिहून काढलं आणि सोबत त्यांच्या हाताचा, कात्री धरलेला फोटो टाकला. पुढच्या पार्सलांपासून आत एक चिठ्ठी जाऊ लागली: 'धुण्याआधी एकदा वाचा', खाली क्यूआर कोड. कोड स्कॅन केला की माणूस मुख्य पानावर न जाता थेट त्याच्या मालाच्या पानावर पोचतो, चादरवाला चादरीच्या आणि टॉवेलवाला टॉवेलच्या. एवढं करायला मला दोन रविवार लागले, त्यातला एक फोटो बारीक करण्यात गेला. मागावरचे फोटो इतके जड होते, की गावाकडच्या नेटवर पान उघडेपर्यंत माणूस चहा पिऊन येईल.

चादरीच्या पानावर मात्र मी तोंडावर पडले. 'पहिल्या धुण्यात मूठभर मीठ घाला, रंग पक्का होतो' असं मी ठोकून दिलं होतं. माझी आई तसंच करायची, आणखी चार ठिकाणीही तेच वाचलं होतं. आमची चादर घेतलेले, डाईंगमध्ये आयुष्य घालवलेले एक काका दुकानातच आले. म्हणाले, "मीठ लागतं ते रंगवताना, रंग धाग्याकडं ढकलायला. रंगून, धुऊन, विणून आलेल्या चादरीला मीठ घालून काय होणार? तुमच्यासारख्यांनी असं लिहायचं?" मी ओळ खोडली नाही. तिच्याखाली तारीख घालून लिहिलं, की वर लिहिलेलं चूक होतं, कारण हे, आणि आता असं करा: पहिले दोन-तीन वेळा वेगळी धुवा, गार पाण्यात, आणि सावलीत उलटी वाळत घाला. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो, त्या उन्हात रोज टाकलेली कुठलीही चादर विटणारच. त्या दुरुस्तीवर आलेले मेसेज सवलतीच्या जाहिरातीवर कधी आले नव्हते.

फोटोंसाठी धुणं धुवायचं तर पाणी यायच्या दिवसाची वाट बघावी लागायची. सोलापूरकरांना याहून जास्त सांगायची गरज नाही.

पुढचे विषय मी डोक्यातून काढले नाहीत. फोनवर येणारे प्रश्न एका वहीत लिहीत गेले. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये लोकांनी काय टाइप केलं आणि आपलं पान दिसलं, ते फुकटात बघायला मिळतं, तेही धरलं. 'नवीन टॉवेल पाणी का शोषत नाही' हा प्रश्न दोन्हीकडे होता. उत्तर सोपं आहे. कारखान्यात शेवटी हाताला मऊ लागावा म्हणून जे लावतात ते दोन-चार धुण्यांत जातं, मग टॉवेल पाणी प्यायला लागतो. आणि घरी सॉफ्टनर ओतला की पुन्हा तोच थर चढतो. जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम, हा प्रश्नही असाच. मी हिशोब मांडून दाखवला: ३० बाय ६० इंचाचा टॉवेल ५०० जीएसएमचा असेल तर वजन साधारण ५८० ग्रॅम भरायला हवं. घरच्या काट्यावर ठेवून बघा. मामा घाबरले, "आपलाच टॉवेल वजन करतील की." करू देत म्हटलं. एकानं केलाही, काट्याचा फोटो पाठवला आणि खाली आणखी सहांची ऑर्डर.

आता माझं सगळ्यात लाडकं पान सांगते, जे धंद्याच्या दृष्टीनं सपशेल पडलं. जकार्डच्या पुठ्ठ्यांवर, म्हणजे मागाला नक्षी सांगणाऱ्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर, मी मन लावून लिहिलं. चादरीवरचा मोर कसा उठतो, भोक असलं की त्या जागचा उभा धागा उचलला जातो, नसलं की खालीच राहतो, आणि फ्रान्सच्या जकार्डनं १८०४च्या सुमारास बसवलेली हीच युक्ती पुढे कॉम्प्युटरच्या पंचकार्डाला कशी कामी आली. ते पान आमच्या वेबसाइटवर सगळ्यात जास्त वाचलं गेलं. शाळेतल्या शिक्षकांनी वाचलं, प्रोजेक्ट करणाऱ्या पोरांनी उतरवून घेतलं. त्यातून दुसऱ्यांदा माल घेणारा एकही माझ्या वहीत नाही. पान काढलं नाही, मामांना आवडतं.

वहीत म्हणते, कारण ॲनालिटिक्समधल्या 'परत आलेल्या' आकड्यावर माझा फार भरवसा नाही. तोच माणूस सकाळी मोबाइलवरून आणि दुपारी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून आला तर दोन नवे गिऱ्हाईक धरले जातात. माझी रीत खानावळवाल्यासारखी आहे: ऑर्डरीतला मोबाइल नंबर आधी येऊन गेलाय का ते बघायचं, असेल तर लाल पेनानं टिक, आणि फोन केलाच तर कुठलं पान वाचून आलात हे विचारायचं. पहिल्या वर्षी लाल टिका बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आता पान उलटलं की एक-दोन दिसतातच.

त्या टिकांतल्या बऱ्याचशा आहेराच्या आहेत. चादर स्वतःसाठी दहा वर्षांनी घेतात, पण देण्यासाठी दरवर्षी घेतात, हे आमच्या डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं. तुळशीच्या लग्नानंतर फोन सुरू होतात, म्हणून दसऱ्यालाच आहेराचं पान नवं करते: किती दिवस आधी सांगावं, सिंगल कुणाला आणि डबल कुणाला शोभते, नाव विणून हवं असेल तर नवीन पुठ्ठे पाडावे लागतात म्हणून थोड्या नगांना का परवडत नाही, आणि त्याऐवजी कोपऱ्यात भरतकाम कसं करून मिळतं. 'नाही जमत' हे स्पष्ट लिहिल्यानं फोन कमी झाले, आलेले फोन कामाचे झाले.

दुसरं पान 'सध्या मागावर काय आहे'. दर पंधरा दिवसांनी एक फोटो, चार ओळी: हा रंग चढलाय, इतके नग निघतील, पुन्हा हा बीम (ताण्याचा रूळ) कधी चढेल ते माहीत नाही. मुद्दाम टंचाई दाखवत नाही, छोट्या कारखान्यात असंच असतं. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत कामगार नंदीध्वजांच्या मिरवणुकीला जातात आणि माग बंद असतो, तेव्हा रिकाम्या मागाचाच फोटो टाकते. एकदा महिनाभर काही टाकलं नाही तर पुण्याच्या एका आजोबांचा मेसेज: "सगळं बरं आहे ना?" ते आजवर दोनच टॉवेल घेऊन गेलेत. पान मात्र न चुकता बघतात.

गेल्या आठवड्यात मामा स्वतःहून वर आले. "अम्मा, एक पान लिही. जुन्या चादरीचं काय करायचं. गोधडीला आतून कशी घालायची, पायपुसणं कसं शिवायचं." मी म्हटलं, "मामा, त्यानं नवी चादर कशी खपेल?"

"ते तू बघ. लिही की." मी लॅपटॉप उघडला. ते खुर्ची ओढून बसले आणि सांगायला लागले, "पहिली ओळ घे: आमची चादर सहसा फाटत नाही."