पौषातला रविवार आणि आमचा सातारा

संक्रांतीच्या आगेमागे येणारा एक रविवार आमच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींनी कायमचा राखून ठेवलेला आहे. एरवी पहाटे अदालत वाड्याच्या बाजूनं अजिंक्यतारा चढायचा, वर घटकाभर बसायचं आणि ज्यानं त्यानं आपलं घर गाठायचं, एवढाच नेम. त्या रविवारी मात्र गड उतरल्यावर कुणी घरी जात नाही. पाठीला डबे, डोक्याला मफलर, आणि दिवस मावळेपर्यंत गावातच हिंडायचं.

कुठून कुठं जायचं यावर दरवर्षी वाद होतात, पण सुरुवात गडावरूनच, यावर दुमत नसतं. साताराही वरूनच खाली आला. १२ जानेवारी १७०८ ला थोरल्या शाहू महाराजांचा राज्याभिषेक या गडावर झाला आणि पुढं त्यांनी पायथ्याशी शाहूनगर वसवलं. "आपण उतरतोय ती राजधानीची वाट आहे," असं आमचे गुरुजी एकदा म्हणाले, तेव्हापासून रोजच्या त्या उतारावर माझी पावलं जरा सावकाश पडतात.

मंगळाईच्या बुरुजापाशी हमखास तासभर जातो. औरंगजेबाचा वेढा पडला तो १६९९ च्या डिसेंबरात, अशाच थंडीत. बादशहाची छावणी करंज्याला, शहाजादा आझमची शहापूरच्या अंगाला, आणि गडावर किल्लेदार प्रयागजी प्रभू. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी सुरुंगांना बत्ती दिली. पहिल्या स्फोटानं तट आत कोसळला; प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत बाहेर निघाले. दुसऱ्या वेळी तट उलटा बाहेर ढासळला आणि चढाईसाठी दबा धरून बसलेले मोगलांचेच सुमारे दोन हजार लोक त्याखाली गेले. गुरुजी हे सांगतात तेव्हा हातातला चहा निवून जातो. एका वर्षी करंज्याच्या आक्का खालच्या धुक्याकडं बोट दाखवत म्हणाल्या, "आमच्या दारातनं गड असाच दिसतो, समोर उभा. चार महिनं रोज सकाळी हेच बघत बसला असंल त्यो." इतक्या वर्षांत हा वेढा मी तटावरूनच पाहत होते. खालून, बादशहाच्या नजरेनं, तो आक्कांनी दाखवला. राजाराम महाराज गेल्याची बातमी आली, दाणागोटा सरत आला, आणि शेवटी गड द्यावा लागला. मोगलांनी त्याचा आझमतारा केला. ताराराणींनी परत घेतला तो अजिंक्यतारा.

न्याहारी चार भिंतींपाशी. राजघराण्यातल्या स्त्रियांना दसऱ्याची मिरवणूक पाहता यावी म्हणून प्रतापसिंह महाराजांनी ही जागा १८३० मध्ये बांधवली. आज तिथं १८५७ च्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. दिवस भोगीचे असल्यानं डब्यांत दुसरं काही निघतच नाही. वांगं, पावटा, गाजर, ओला हरभरा आणि बोरं घातलेली लेकुरवाळी भाजी, वर लोण्याचा गोळा. गारठ्यानं बाजरीची भाकरी कडक झालेली असते. ती मोडली की कडेचे तीळ रुमालावर सांडतात आणि बोट ओलं करून ते टिपणारी माणसं पंचाहत्तरीची असतात.

मग पेठा. चिमणपुरा, व्यंकटपुरा, मंगळवार तळं, फुटका तलाव, मोती चौक. इथं पुढारपण गुरुजींकडून सुटतं आणि ज्याची गल्ली त्याच्याकडं जातं. पडलेल्या वाड्याच्या जोत्यावर उभं राहून कुणी सांगतं, इथं आमची आत्या राहायची, हा आडाचा कठडा, इथं आम्ही पापड वाळवायचो. बखरीत नसलेलं हे सगळं मला फार मोलाचं वाटतं. ही माणसं आहेत तोवरच ते ऐकायला मिळणार, म्हणून त्या गल्ल्यांत मी घाई करू देत नाही.

राजवाड्यासमोर मात्र सगळे आपोआप थांबतात. १८२४ च्या या वाड्यात पुढं सरकारी हायस्कूल भरायचं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथं इंग्रजी पहिलीत एका मुलाचं नाव दाखल झालं: भिवा रामजी आंबेडकर, रजिस्टरात क्रमांक १९१४. आमच्यातल्या निम्म्या जणांची तीच शाळा. नातवंडांना बरोबर आणलेलं असलं की आजोबा तो क्रमांक त्यांच्याकडून पाठ म्हणून घेतात. मोती चौकातले कंदी पेढे त्यानंतर, पाठांतराचं बक्षीस म्हणून.

दुपार कलली की रिक्षा करून माहुली. कृष्णा-वेण्णेचा संगम, विश्वेश्वराचं दगडी देऊळ, शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी. मुलं खंड्यापाशी रमतात, बायका येसूबाईंच्या समाधीपाशी. १६८९ मध्ये रायगड पडल्यावर त्या कैदेत गेल्या आणि सुटून साताऱ्यात आल्या त्या १७१९ मध्ये. शाहू महाराज १७०७ मध्येच सुटले होते. आई मात्र आणखी बारा वर्षं मोगलांच्या ताब्यात. आक्का दरवर्षी तिथं पदराच्या गाठीतला तिळगूळ ठेवतात. कुणी त्यांना सांगितलेलं नाही. आता आम्ही सगळ्याच ठेवतो.

पुढच्या खेपेला गावाबाहेर, लिंबला जायचा आग्रह सुरू झालाय. शाहू महाराजांच्या वीरूबाईंच्या नावानं ओळखली जाणारी बारा मोटांची विहीर तिथं आहे, आणि तिच्या पोटातल्या दालनात बसून डबे सोडायचे, असं तात्यांनी आत्तापासूनच जाहीर केलंय. गुरुजींचे गुडघे दुखतात, पण पायऱ्या उतरायला दोघं हाताला धरतील, हेही ठरलं आहे.