कुर्डुवाडी ते सिचुआन : आमची वाटचाल

आजोबा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. बार्शी लाइट या छोट्या रेल्वेच्या दोन रुळांतलं अंतर अडीच फूट, हे आम्हा पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ झालेलं. 2010 साली मी आणि सौ.ने पुण्यात सहलींचा व्यवसाय काढला, तेव्हा विकायला होती फक्त नेरळ-माथेरानची दोन दिवसांची सहल.

एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "वाफेचं इंजिन रोजच्या कामावर असलेलं कुठे दिसेल?" शोधता शोधता चीनच्या सिचुआन प्रांतातली जियायांग कोळसा खाणीची रेल्वे सापडली. 1959 साली सुरू झालेली, जेमतेम 20 किलोमीटरची. रुळांतलं अंतर 762 मिलिमीटर, म्हणजे आपलेच अडीच फूट! त्या रात्री मला झोप लागली नाही.

आधी मी एकटाच जाऊन आलो. डोंगरातल्या खाणीचं काम थांबलं, पण वरच्या गावांना धड रस्ता नव्हता, म्हणून गाडी चालूच राहिली. पाठीवर बांबूच्या टोपल्या घेतलेली माणसं बाजाराला जाताना तीत बसतात. इंजिनाची आठही चाकं एकमेकांना जोडलेली. बार्शी लाइटची किटसन कंपनीची पहिली इंजिनंही आठ जोडचाकांचीच होती. हलक्या रुळांवर जास्त ओढायचं तर वजन जास्त चाकांवर वाटावं लागतं, हे दोन्हीकडच्या लोकांना कळलेलं होतं.

पहिला ग्रुप मात्र मी बिघडवला. 22 माणसं, त्यात पांडा, लेशानचा 71 मीटरचा बुद्ध, खरेदी, आणि रेल्वेला उरले दीड तास. मार्च महिना, मोहरीसारखी पिवळी शेतं बघायला आलेल्यांची तोबा गर्दी. परतीच्या बसमध्ये कुणी बोललं नाही. मी प्रत्येकाला काही रक्कम परत केली. त्यानंतर 10 पेक्षा जास्त माणसं कधी घेतली नाहीत आणि बाजियाओगोऊ, म्हणजे 'केळीची घळ', या गावात एक मुक्काम ठेवलाच. शेवटची गाडी खाली गेली की तिची शिट्टी घळीत बराच वेळ ऐकू येते. हे दीड तासात मिळत नाही.

2020 ला सगळं थांबलं. ऑफिस सोडलं, घरून फोन घेत राहिलो.

याच रेल्वेवरच्या मिफेंगयान स्टेशनला, 'मधमाश्यांच्या कड्या'वर, चढ इतका की गाडी दिशा बदलून पुढे जाते. आपल्या खंडाळ्याच्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनसारखंच. इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागतं. एका सहलीत आमच्यासोबत कुर्डुवाडीचे एक निवृत्त फिटर काका होते. इंजिन थांबताच ते वाकले आणि उलटा हात लावून बेअरिंग तापलंय का ते पाहिलं. चिनी ड्रायव्हर खाली उतरला. काही न बोलता त्याने पुढच्या चाकाशी तसाच उलटा हात लावला आणि काकांच्या हातात तेलाची झारी दिली.