तुम्ही विचारलंत म्हणून: घरी एसी, मग कोराडीला विरोध कसा?

"मॅडम, तुमच्या घरी एसी हाय नं? मंग कोराडीले विरोध काहून करता?"

कोराडी म्हणजे आमच्या नागपूरजवळचं कोळशावर चालणारं वीज केंद्र, आणि तिथे वाढणाऱ्या नव्या संचांना माझा विरोध. भाजीवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांनी हे मला विचारून झालंय. परवा सोसायटीच्या सभेत पुन्हा निघालं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

आहे, दीड टनाचा आहे. सासूबाई 84 वर्षांच्या आहेत. आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा 45च्या वर गेला की कूलरचा वाळा नुसता वास देतो, आणि जूनमध्ये ढग आले की तोच कूलर घरभर दमट हवा फेकतो. तेव्हा एसी लावते. लाज वगैरे वाटत नाही. वीज वापरणाऱ्याने ती कशी तयार होते यावर बोलूच नये म्हणाल, तर उद्या भात खाणाऱ्याने रेशनच्या तांदळातल्या खड्यांबद्दलही गप्प बसायला हवं.

हा प्रश्न मला पहिल्यांदा भेटला तो कोराडीतच. 29 मे 2023, ऐन नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. तिथे 660 मेगावॉटचे वीज बनवणारे तीन संच आधीच आहेत, शिवाय पलीकडे खापरखेड्याचं कोळशाचंच वीज केंद्र. त्यात तेवढ्याच ताकदीच्या आणखी दोन संचांसाठी पर्यावरणाची जनसुनावणी होती. मी चार पानं लिहून नेली होती. पाळी येईपर्यंत घामाने शाई पसरली, म्हणून पाठ होतं तेवढंच बोलले: कोळसा विदर्भाचा, राख विदर्भाची, वीज मात्र राज्यभर, मग या दोन संचांऐवजी सोलर आणि साठवण यांचा खर्च मांडून दाखवा. खाली उतरले तर आयटीआय केलेला एक पोरगा वाट बघत होता. त्याला प्रकल्प हवा होता. कंत्राटी का होईना, घराजवळ काम. त्यानेच एसीचं विचारलं. एसीचं उत्तर माझ्याजवळ होतं. कामाचं नव्हतं, आजही नाही.

अशा सुनावणीत मतदान नसतं, हे कित्येकांना माहीत नसतं. किती जण बाजूने, किती विरोधात, यावर काही ठरत नाही. कोण काय बोललं ते इतिवृत्तात जातं आणि फायलीसोबत वर पोचतं. शेवटी ते वाचून दाखवतात. आमचे घसा फोडून बोललेले बहादूर तेव्हा बाहेर चहाच्या टपरीवर असतात. मी आता नवीन मंडळींना एवढंच सांगते की भाषण फसलं तरी चालेल, वाचन संपेपर्यंत खुर्ची सोडू नका.

खरं सांगायचं तर सुनावणीच्या मंडपापेक्षा कागदानेच जास्त काम होतं, असं माझं मत होत चाललंय. 2019च्या अखेरीस राज्याच्या वीज नियामक आयोगाने गच्चीवरच्या सोलरच्या नियमांचा मसुदा काढला. आमच्या गच्चीवर तीन किलोवॉट आहे, म्हणजे यात माझा स्वार्थ होता, लपवत नाही. नेट मीटरिंगमध्ये दुपारी ग्रिडला दिलेलं युनिट तुमच्या वापरातून युनिटला युनिट वजा होतं. मसुद्यात जास्त वापराच्या घरांना नेट बिलिंग सुचवलं होतं. म्हणजे आपलं युनिट स्वस्तात जाणार, त्यांचं पूर्ण दराने येणार. मी दोन पानी हरकत लिहिली. पर्यावरणावर एक ओळ नाही. फक्त माझं मे महिन्याचं बिल: गच्चीवर तयार झालं 350 युनिट, घरात लागलं 480, नव्या नियमाने भरायचे किती. लेक म्हणाला, "आई, हे रडगाणं वाटतं." वाटू दे. राज्यभरातून हरकतींचा ढीग पडला. वर्ष संपता संपता अंतिम नियम आले, त्यात नेट मीटरिंग राहिलं. माझ्या दोन पानांनी ते राहिलं असं मी म्हणणार नाही, पण त्या ढिगात ती होती आणि त्यांची पोच माझ्या फायलीत आहे.

2025मध्ये दरांच्या प्रस्तावात नवीन मेख निघाली: दुपारची सोलर युनिटं दुपारच्याच वापरातून वजा करायची. आमचा एसी तर रात्री चालतो! आम्ही पुन्हा कागद काढले. ते पुढे कसकसं फिरलं, याला वेगळा लेख लागेल. पण दुपारी वीज उतू जाते आणि संध्याकाळी कमी पडते, हे वीज कंपनीचं म्हणणं खोटं नाही. ती साठवायची कुठे, हे आपण विचारायलाच हवं. नुसतं "सोलर, सोलर" करून भागत नाही.

आणि या राज्यात सोलरचा रेटा सगळ्यात जास्त कोणी लावला म्हणाल, तर शेतकऱ्यांनी, असं मला वाटतं. शेतीच्या विजेची पाळी असते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. "दिवसा वीज द्या" ही मागणी वर्षानुवर्षं चालू आहे. 2017मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली ती याच दुखण्यावर. वीज उपकेंद्राजवळ सोलर प्रकल्प उभारायचे आणि शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या वीजवाहिनीला, दिवसा वीज द्यायची.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की यशवंत स्टेडियमजवळ मोर्चे जमतात. एकदा मी तिथे निवेदन घेऊन गेले होते. कानाला मफलर गुंडाळलेले एक काका पाटी टेकवून शेंगदाणे खात बसले होते. म्हणाले, "रात्री दोनले मोटर चालू कराले जा लागते, बाई. बॅटरीच्या उजेडात डुक्कर हाय का वाघ, समजते का?"

मी शेजारी बसले. त्यांनी मूठभर शेंगदाणे पुढे केले.

"तुमची मागणी कोणती?"

मी निवेदनातलं 'हवामान कृती आराखडा' वगैरे वाचून दाखवणार होते. त्यांच्या पाटीकडे बघितलं आणि म्हटलं, "हीच. दिवसा वीज."