पाठकोऱ्या कागदांवरचा पहिला अंक

शाळेच्या स्मरणिकेसाठी ‘कवी आणि प्रकाशक’ या नात्याने लिहा, असा निरोप आला. प्रकाशक म्हणावं एवढा माझा पसारा नाही. कवितांचं एक अनियतकालिक काढतो, पैसे जमले की एखादा संग्रह. पण हा नाद लागला तो आपल्या शाळेतच.

चाचणीचे पेपर ज्या सायक्लोस्टाइल यंत्रावर निघायचे, त्यावरच मराठीच्या सरांनी आमच्या वर्गाचा अंक काढून दिला. मेणचट स्टेन्सिलवर लोखंडी टोकाच्या लेखणीने लिहायचं. जोर कमी पडला तर अक्षर उमटत नसे, जास्त झाला तर ‘ठ’चं पोटच फाटून यायचं. शिपाईमामा हँडल फिरवत आणि आम्ही ओले कागद व्हरांड्यात पसरत असू. हेडमास्तरांनी कागदाचा हिशेब विचारला, तेव्हा सर म्हणाले, “पाठकोरे आहेत, साहेब.” खरंच होते. माझ्या कवितेच्या मागे सहामाहीचा भूगोल होता.

सरांकडूनच कवी अरुण कोलटकर कळले. आपल्या कोल्हापूरचे, राजाराम हायस्कूलचे विद्यार्थी. १९५४ साली दिलीप चित्रे, रमेश समर्थ आणि त्यांनी काढलेलं ‘शब्द’ हे अनियतकालिकही सायक्लोस्टाइलच होतं, हे ऐकून आमची छाती उगाच फुगली! पुढे अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’ प्रकाशनाने १९७७ मध्ये कोलटकरांच्या मराठी कविता काढल्या. त्याआधीच्या वर्षी त्यांची इंग्रजी कविता ‘जेजुरी’ आली ती ‘क्लिअरिंग हाऊस’तर्फे, तेही चार कवींनी मिळून उभं केलेलं प्रकाशन. कोलटकर जाहिरातक्षेत्रातले नावाजलेले चित्रकार, मोठं प्रकाशनगृह त्यांना सहज मिळालं असतं. पण अखेरच्या काळात जवळपास चारशे पानांचा ‘भिजकी वही’ हा कवितासंग्रह त्यांनी ‘प्रास’लाच दिला. सप्टेंबर २००४ मध्ये ते गेले. साहित्य अकादमीचा पुरस्कार नंतर आला. पुस्तक कसं दिसावं, ओळ कुठे तुटावी, हे कवीला विचारणारा प्रकाशक मिळणं ही चैन आहे, असं माझं मत.

बाकी धंदा म्हणाल तर तोट्याचाच. एका विक्रेत्याने गठ्ठा सुतळीही न सोडता परत पाठवला होता. टपालखर्च अंकाच्या किमतीला गाठतो. घरचे आता विचारत नाहीत.

यंदा नववी-दहावीच्या मुलांचा अंक काढणार असाल तर कागद आणि बांधणी माझ्याकडे. कविता मात्र मुलांनीच निवडायच्या. माझी घेतलीच पाहिजे असं काही नाही.